जानकीबाई, सुयोग आणि तांदळाचा काटा

जानकीबाई घाडीगावकरांना नोकरी मागता येत नाही. त्या नोकरी वसूल करतात. स्वतःसाठी एकदाच केली. त्यानंतर गेली कित्येक वर्षं दुसऱ्यांसाठी करताहेत, आणि ज्यांच्यासाठी करतात ती सगळी माणसं आमच्या सेंटरला आठवड्यातून तीनदा येऊन चार-चार तास पडून राहणारी.

सेंटर भांडुपला, एका ट्रस्टचं. मी तिथे डायलिसिस टेक्निशियन आहे. म्हणजे मूत्रपिंडांनी राजीनामा दिला की त्यांचं काम जे मशीन करतं, ते माणसाला जोडायचं, चालू ठेवायचं आणि चार तासांनी सोडवायचं. देवरूखच्या शाळेत आमच्या मास्तरांनी ‘हा मुलगा पुढे नळदुरुस्ती करेल’ असं भविष्य सांगितलं होतं. फार चुकले नाहीत.

जानकीबाई मंगळवार-गुरुवार-शनिवार, सकाळच्या पाळीला येतात. वय पन्नाशीच्या पुढे, अंगाने काटकुळ्या, आवाज मात्र डोंगरावरच्या खोलीतून खालच्या रिक्षावाल्याला थांबवेल असा. मूळच्या मालवणकडच्या. वडील गिरणीत होते, बाई स्वतः मुलुंडला एका वह्या बनवणाऱ्या कारखान्यात पॅकिंगच्या मुकादम. मूत्रपिंडं गेली तेव्हा मालकाने फार सभ्यपणे त्यांना घरी बसवायचं ठरवलं. छोटासा समारंभ केला, शाल-श्रीफळ दिलं, ‘बाई आमच्या कुटुंबातल्याच’ वगैरे बोलला. बाईंनी नारळ शेजारणीला दिला, कारण आमच्या पेशंटांना नारळ वर्ज्य. आणि दुसऱ्या दिवशी कामाच्या वेळेला तीच शाल पांघरून गेटवर हजर.

“काय झालं बाई?”

“काय होणार? शाल दिलीत, ऊब आली. आता काम द्या.”

मालक म्हणाला, तुम्ही काम करता करता पडलात तर? तेव्हा बाईंनी पहिल्यांदा तो प्रकार केला, जो पुढे त्यांची खूण झाला. डायलिसिसच्या माणसाच्या हातात एक धमनी शिरेला जोडलेली असते. फिस्टुला म्हणतात. सुया तिथेच टोचायच्या. त्यावर बोट ठेवलं की आत सतत थरथर लागते, मांडीवर झोपलेल्या मांजरासारखी. बाईंनी मालकाची दोन बोटं धरून तिथे ठेवली आणि म्हणाल्या, “बघा. मोटर चालू हा ना? मग मशीन बंद कशाक करतास?”

मालकाला मालवणी कळत नव्हती, पण मोटर कळली. बाई अजून तिथेच आहेत.

तेव्हापासून सेंटरला कोणी नवा पेशंट तोंड पाडून आला की बाई पडल्या जागेवरून विचारणार, “काय करायचास रे तू? काय येतं तुला?” आजाराबद्दल विचारायला डॉक्टर आहेत, असं त्यांचं मत. मग सुट्टीच्या दिवशी त्या माणसाला घेऊन गाळ्यागाळ्यांतून फिरायचं. तिथे बोलायचं एकच: तो अमुक दिवशी इतक्या वाजता जाणार, या हाताने जड उचलणार नाही, पाणी-चहा मोजूनच पिणार, बाकी सगळं करणार. आणि मग बोटं धरून मोटर दाखवायची. मी त्यांना ‘भांडुपचं एम्प्लॉयमेंट एक्सचेंज’ म्हणतो. त्या मला ‘देवरूखचो शाणो’ म्हणतात. हिशेब बरोबर.

पण एकदा त्या स्वतःच्या पद्धतीने वागल्या नाहीत. हे त्या एकदाचंच.

सुयोग मेस्त्री आमच्याकडे सोमवार-बुधवार-शुक्रवार, संध्याकाळी येतो. तिशी ओलांडलेला, टीव्हीचे बोर्ड दुरुस्त करणारा पोरगा. डायलिसिस सुरू झालं आणि सर्व्हिस सेंटरने त्याला हळूच गाळला. बायको रुचिरा पार्लरमध्ये काम करते, घर तिच्यावर आलं. बाई त्याला घेऊन चार ठिकाणी गेल्या. घाटकोपरला एका कुरियरच्या ऑफिसात तर मालकाने थरथर लागताच शॉक बसल्यासारखं बोट मागे घेतलं आणि रुमालाला पुसलं. ते पुसणं सुयोगने पाहिलं. त्या दिवसापासून भर मे महिन्यात तो लांब बाह्यांचे शर्ट घालायला लागला.

“बाई,” तो म्हणाला, “माझा हात म्हणजे काय प्रदर्शन आहे? तिकीट लावा मग.”

“बरं, नाही दाखवायचा. तोंडाने सांगू.”

“तोंडानेही नाही. एक तर न सांगता नोकरी, नाहीतर मी गावी जाऊन राहतो.”

बाहेरच्या माणसाला हे वाक्य साधं वाटेल. गावी जाऊन राहणं, शेणाने सारवलेलं अंगण, आंब्याची सावली वगैरे. आमच्या सेंटरला ते वाक्य कोणी बोललं की मी हातातलं काम थांबवतो. सुयोगच्या गावाहून जवळचं मशीन गाठायला अर्धा दिवस जातो. आठवड्यातून तीनदा कोणी जात नाही. आधी एक पाळी चुकते, मग दोन, आणि मग एक दिवस गावाहून फोन येतो. गावी जातो म्हणजे मी थांबतो, असा त्याचा अर्थ.

बाईंनाही तो माहीत होता. म्हणून त्या वाकल्या.

मुलुंडला एका इंडस्ट्रियल इस्टेटमध्ये ग्लेनरॉय मिरांडाचा वजनकाटे दुरुस्तीचा गाळा आहे. ग्लेनरॉय भांडुपच्या जुन्या गावठाणातला कॅथलिक. आजोबांची भातशेती होती, बापाने तराजूची दुरुस्ती सुरू केली, आता हा इलेक्ट्रॉनिक काटे करतो. चाळिशीचा, पोट पुढे, तोंड फटकळ. त्याला बोर्ड समजणारा माणूस हवाच होता. बाईंनी सुयोगला उभा केला आणि म्हणाल्या, “कामाला सोनं आहे. फक्त सोमवार-बुधवार-शुक्रवार याला जरा लवकर सोडायचं. संध्याकाळी याचा क्लास असतो.”

“कसला क्लास?” ग्लेनरॉयने विचारलं.

“टेक्निकल,” बाई म्हणाल्या.

तो क्लास म्हणजे मी.

दीड महिना झकास गेला. सुयोगचा हात बोर्डावर बसला. चहा आला की ‘ॲसिडिटी आहे’ म्हणायचा. गाळ्यात त्याचं नावच ॲसिडिटी पडलं. जड उचलायची वेळ आली की काहीतरी निमित्त काढायचा. मोठ्या काट्याची दुरुस्ती झाली की वीस-वीस किलोची लोखंडी वजनं त्याच्या पाटावर ठेवायची आणि आकडा जुळवायचा, अशी पद्धत. वजनं ठेवायला खंडू नावाचा मदतनीस होता, त्यामुळे निभावत होतं.

मग खंडू बहिणीच्या लग्नाला गावी गेला, आणि नेमका त्या सोमवारी मुलुंडच्या एका तांदळाच्या घाऊक व्यापाऱ्याचा गोदामातला काटा दुरुस्तीला आला. आलेली पोती मोजून आत घ्यायचा काटा. ग्लेनरॉय बाहेर गेलेला, व्यापाऱ्याचा माणूस टेम्पो घेऊन दारात ताटकळत उभा. सुयोगने पाटाखालचा बिघडलेला भाग बदलला. राहिला आकडा जुळवायचा. कोपऱ्यात लोखंडी वजनं, आणि डाव्या बाहीत तो हात.

आता डायलिसिसच्या माणसाला एक गोष्ट देवाच्या नावासारखी पाठ असते: स्वतःचं कोरडं वजन. अंगातलं जादा पाणी काढून टाकल्यावर जे उरतं ते. सुयोगचं अठ्ठावन्न. त्याने डोकं चालवलं. वजनं उचलायची कशाला, आपणच उभं राहू. पाटावर चढला, खांबावरच्या डब्याची बटणं दाबली, आकडा अठ्ठावन्नला आणला आणि काटा पाठवून दिला.

संध्याकाळी आमच्याकडे आला. मशीन लावायच्या आधी वजन करतात, तसं केलं. साठाच्या वर, एकसष्टच्या जवळ.

“काय रे,” मी म्हटलं, “रविवारी कुठल्या हळदीला जाऊन आलास?”

“कुठे नाही. दोन घोट पाणी प्यायलोय फक्त.”

“दोन घोट? कोणाचे, हत्तीचे?”

“तुमचा काटा बिघडलाय,” तो शांतपणे म्हणाला. “आज मी मोठा काटा दुरुस्त केला. त्यावर माझं बरोबर अठ्ठावन्न भरलं.”

मी हसलो आणि सुया टोचल्या. पाणी किती प्यायलं यावर आमचे पेशंट जितकं खोटं बोलतात तितकं कोर्टातसुद्धा कोणी बोलत नसेल, आणि गंमत म्हणजे बोलता बोलता त्यांचा स्वतःचाच विश्वास बसतो. तेव्हा माझ्या डोक्यात काही आलं नाही. हळदच होती, मेव्हण्याच्या घरची, मागाहून कळलं. सरबत, कढी आणि वर बर्फ.

बुधवारी संध्याकाळी सुयोग आला तो भिंतीकडे तोंड करून पडला. खोदून विचारल्यावर बोलला. मंगळवारी त्या व्यापाऱ्याकडे तांदळाचा ट्रक आला होता. पन्नास किलोचं प्रत्येक पोतं नव्या दुरुस्त काट्यावर अठ्ठेचाळीस. व्यापाऱ्याने ट्रकवाल्याला चोर म्हटलं, चार लोकांत म्हटलं, आणि अख्खा माल परत पाठवला. बुधवारी गोदामातलं एक जुनं पोतं सहज त्याच काट्यावर टाकून बघितलं तर तेही अठ्ठेचाळीस, आणि दुसऱ्या काट्यावर पन्नास. मग तो ग्लेनरॉयच्या गाळ्यात येऊन नाचला. ग्लेनरॉयने सुयोगला सांगितलं, शनिवारी हिशेब घेऊन जा.

“काटा बरोबर होता,” सुयोग म्हणाला. “मी स्वतः उभा राहून बघितला. जाऊ दे. गावी जातो. रुचिराला तरी सुटका.”

तेव्हा माझ्या डोक्यात दिवा लागला. त्याला म्हटलं, “अरे गाढवा, सोमवारी तुझ्या अंगात पावणेतीन किलो पाणी होतं. ते तू काट्यातून वजा केलंस.”

त्याचे ओठ हलत होते. आकडेमोड करत असावा. मग त्याने चादर तोंडावर ओढली. मी बाजूला जाऊन जानकीबाईंना फोन लावला.

गुरुवारी सकाळी त्या स्वतःच्या पाळीला आल्या. चार तास एक शब्द नाही. ही घटना सेंटरच्या इतिहासात नोंदवण्यासारखी. सुया काढल्यावर माणसाला गरगरतं, अर्धा तास बसवतो आम्ही. बाई उठून चपला शोधायला लागल्या.

“बसा जरा. पडाल.”

“पडले तर तू उचल. सरकार तुला कशाचा पगार देतं?”

“सरकार नाही, ट्रस्ट देतो.”

“मग ट्रस्टच्या नावाने उचल. रिक्षा बघ.”

खाली सुयोग उभा होता. बाईंनी त्याला घरून बोलावून घेतलं होतं. तो रिक्षात बसेना. “काय सांगणार तुम्ही त्याला? पुन्हा हात दाखवणार?”

“मी काय दाखवणार नाही,” बाई म्हणाल्या. “मी माझी चूक सांगायला चाललंय. तुला तुझी सांगायची तर ये, नाहीतर इथे उभा ऱ्हव. पण गावाचं नाव काढू नको माझ्यासमोर. तिथे जाऊन किती दिवस निघतात ते या पोराला विचार, तो रोज बघतो.”

तो बसला. माझी पाळी संपली होती, बाई वाटेत पडू नयेत म्हणून मीही बसलो.

ग्लेनरॉय गाळ्यात एकटाच होता. आम्हा तिघांना बघून म्हणाला, “वरात आणली? माझं ठरलंय, बाई. कामात चूक झाली तर मी समजू शकतो. पण हा बोलतो काटा बरोबरच होता. मग काय तांदूळ खोटा?”

“काटा बिघडूनच आला होता, तो याने नीट केला,” बाई म्हणाल्या. “पण आकडा जुळवायला हा स्वतःच पाटावर चढला, आणि याचं वजन एका दिवशी एक, दुसऱ्या दिवशी दुसरं. याच्या किडन्या गेल्यात, मिरांडाशेठ. तीन संध्याकाळी तो क्लासला जात नाही, डायलिसिसला जातो. माझ्यासारखाच. हे मी तुमच्यापासून लपवलं. याने नाही, मी. क्लास माझ्या तोंडातून आला.”

ग्लेनरॉयने माझ्याकडे पाहिलं. “आणि हा कोण?”

“हा क्लास,” बाई म्हणाल्या.

त्याला हसू येत होतं, पण राग मोठा होता. तो सुयोगकडे वळला. “वजनं होती ना तिथे? लोखंडाची? स्वतः कशाला चढला, तू काय शेअर मार्केट आहेस, रोज वर-खाली?”

सुयोगने डाव्या बाहीचं बटण काढलं. कोणी सांगितलं नव्हतं. बाही कोपरापर्यंत वर केली. शीर दोरखंडासारखी फुगलेली, सुयांच्या खुणांनी भरलेली. “या हाताने उचलायला बंदी आहे,” तो म्हणाला. “खंडू नव्हता. सांगितलं असतं तर विचारलं असतं, का नाही उचलत. म्हणून चढलो.”

ग्लेनरॉय हाताकडे बघत राहिला. बोट लावायला पुढे आला नाही, मागेही सरला नाही.

“मला बोलला असता तर मी उचलली असती ना.”

“बोललो असतो तर नोकरी दिली असती?”

ग्लेनरॉयने स्टूल ओढलं आणि बसला. “माहीत नाही मॅन,” तो म्हणाला. “खरं सांगतो. कदाचित नसती दिली.”

बाई पटकन म्हणाल्या, “आता तर काम बघितलंत. दीड महिन्यात किती काटे परत आले?”

“हा एकच. पण हा एक कसा आला बघा ना. तो ट्रकवाला दहा वर्षं त्याच दुकानाला माल देतो. त्याला चोर बोलले चार माणसांत. ते कोण निस्तरणार? मी नाही जाणार. माझ्या बापाच्या नावावर असला प्रकार कधी झाला नाही.”

“हाच निस्तरेल,” बाई म्हणाल्या.

“मी?” सुयोग म्हणाला.

“मग काय मी? मी उभी राहीन बाजूला.”

“ते होऊ दे,” ग्लेनरॉय म्हणाला. “मग बघू.” आणि पाठ करून कामाला लागला. बघू म्हणजे हो की नाही, ते काही त्याच्या पाठीवर लिहिलेलं नव्हतं.

गोदाम तिथून दोन गल्ल्या सोडून. वाटेत बाई एकदा भिंतीला टेकून थांबल्या. मी हात पुढे केला, तो झटकला. “बीपी उतरलंय जरा. तुझ्यामुळेच, जास्त पाणी काढलंस मेल्या.”

व्यापारी गादीवर बसून फोनवर भाव बोलत होता. सुयोग समोर उभा राहिला. बाही अजून वरच होती, खाली करायची त्याला आठवण राहिली नसावी. फोन ठेवताच त्याने एका दमात सांगितलं. किडनी, पाणी, अठ्ठावन्न, चूक माझी, ट्रकवाल्याची नाही. मधे कुठे थांबला असता तर पुढे बोलता आलं नसतं, असं वाटत होतं.

व्यापाऱ्याला पहिल्यांदा काही कळलं नाही. मग कळलं तसा त्याचा चेहरा उतरला, कारण शिव्या त्याने दिल्या होत्या. त्याने ट्रकवाल्याला फोन लावला, “अरे ऐक, तो काटा…” इतकंच बोलला आणि पुढचं पलीकडून बराच वेळ ऐकत राहिला. शेवटी फोन सुयोगच्या हातात दिला. “तूच बोल बाबा. माझं तो ऐकत नाही.”

पलीकडचा आवाज आम्हालाही येत होता. सुयोगने फोन कानापासून दूर धरला नाही. सगळं ऐकून घेतलं. मधे मधे “हो,” “माझीच,” “बरोबर आहे तुमचं.” शेवटी म्हणाला, “तुम्ही माल घेऊन या. तुमच्यासमोर मोजतो. काटा आत्ता नीट करतो.” आणि फोन परत दिला.

व्यापारी म्हणाला, “कसा करतोस? पुन्हा वर चढून?”

“नाही. लोखंडावर.”

“लोखंड कुठाय?”

लोखंड आणायचं कोणाच्या लक्षात आलं नव्हतं. जानकीबाईंच्यासुद्धा. त्या एका पोत्यावर बसल्या होत्या, चेहरा पांढरा पडलेला, पण नजर सुयोगवर. “गाळ्यात आहे,” सुयोग म्हणाला. “आणायला… कोणीतरी लागेल. मला उचलता येत नाही.” हे वाक्य त्याने व्यापाऱ्याला सांगितलं, त्याच्या दोन हमालांना ऐकू जाईल एवढ्या आवाजात.

“मग जा, आण माणूस,” व्यापारी म्हणाला.

तेवढ्यात दारात टेम्पो लागला. ग्लेनरॉय उतरला, पाठीमागचा फाळका खाली केला आणि पहिलं वजन दोन्ही हातांनी पोटाशी धरून आत आला. घाम, धाप आणि तोंडात शिवी. पाटावर ते आपटल्यासारखं ठेवलं.

“खंडू सोमवारशिवाय येत नाही,” तो कोणाकडेच न बघता म्हणाला. “उभा काय राहिलास? बटण दाब. आणि हे बघ, उद्यापासून चहा नको असेल तर नको बोलायचं. ॲसिडिटी-बिसिडिटी सांगायचं नाही. आणि क्लासला जायचं त्या दिवशी कारण नको, नुसतं जातो बोल.”

जानकीबाईंनी डोळे मिटले. मला वाटलं चक्कर आली, मी पुढे झालो. त्या मिटल्या डोळ्यांनीच म्हणाल्या, “गप ऱ्हव. ऐकू दे.”

सुयोग खांबापाशी गेला. आकडा बघितला, बटण दाबलं, पुन्हा बघितला.

“अजून एक लागेल,” तो म्हणाला.

ग्लेनरॉयने कंबरेवर हात ठेवून त्याच्याकडे पाहिलं, आणि दुसरं वजन आणायला टेम्पोकडे गेला.